कोस्टल रोडवरची हुराकान आणि माझी स्विफ्ट: दोन्हींत व्हीव्हीटीच, मग फरक कुठे?

वरळीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. या विभागात मी एरवी फक्त वाचत असतो.

रविवारी सकाळी कोस्टल रोडवरून डरकाळ्या फोडत जाणाऱ्या गाड्या आमच्या भागात सगळ्यांनाच पाठ झाल्या आहेत, काहींना नको तितक्या. त्यातल्या लॅम्बोर्गिनी हुराकानची माहिती काल चाळत होतो. व्ही-१० इंजिन, ५२०४ सीसी, ६१० पीएस (अश्वशक्ती). हे अपेक्षितच होतं. पण पुढे लिहिलं होतं की इनटेक (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन्ही कॅमशाफ्टचं, म्हणजे उंचवटे असलेल्या दांड्यांचं, टायमिंग इंजिन चालू असताना बदलत राहतं. आणि माझ्या घरच्या चार सिलिंडरवाल्या ड्युअलजेट स्विफ्टच्या माहितीपत्रकातही ठळक अक्षरांत 'ड्युअल व्हीव्हीटी' (व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे हेच) छापलंय!

जाणकारांनी जरा फोड करून सांगावं. कॅमचं टायमिंग बदलायचं म्हणजे नेमकं काय हलतं आणि ते कशाला हलवायचं? एकच गोष्ट दोन्हीकडे असेल तर एक गाडी ९० पीएसवर का थांबते? सिलिंडर जास्त आहेत, इंजिन मोठं आहे, हे कळतं हो. पण लिटरमागे भागलं तरी स्विफ्ट ७५ पीएस येते आणि हुराकान ११७. हा वरचा फरक व्हीव्हीटीचा का?

'गूगल कर' असं कृपया सांगू नका, करूनच आलोय.

सगळंच_मार्केटिंग

डिकीवर चिकटवायला तीन इंग्रजी अक्षरं मिळाली की शोरूमवाला जास्त पैसे मागायला मोकळा. झालं समाधान? धागा बंद करा. (हलके घ्या.)

जुना_फोरमन

स्टिकर नाही बरं का ते.

माझी नोकरी कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात झाली. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्याच्यावरून पुशरॉड वर, मग रॉकर, मग व्हॉल्व्ह. चेन बसवताना क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) आणि कॅमच्या चाकावरच्या खुणा जुळवायच्या की संपलं. गाडी भंगारात जाईपर्यंत तेच टायमिंग. गॅरेजमध्ये 'टायमिंग करून घ्या' म्हणायचे ते स्पार्कचं, डिस्ट्रिब्युटर फिरवून करायचं. व्हॉल्व्हचं टायमिंग कोणी हलवत नसे. फार तर टॅपेटमध्ये फीलर गेज घालून अंतर नीट करायचं.

आता ते कायमचं टायमिंग कोणाच्या सोयीने ठरवलेलं? पद्मिनी शेवटी टॅक्सीच. चार माणसं आत, सामान टपावर, आणि पेडर रोडचा चढ गिअर न पाडता चढली पाहिजे. म्हणून खाली जोर चांगला, वर गेलं की दम संपला. ताकद ४० च्या घरात. त्याच इंजिनात शर्यतीचा कॅम टाकला असता तर वरच्या आरपीएमला सुटली असती, पण हाजी अलीच्या सिग्नलला दर वेळी बंद पडली असती. एका कॅमशाफ्टकडून दोन्ही कामं होत नाहीत. ती कशी करून घेतात ते आता तरुण मंडळींनी सांगावं.

कॅलिब्रेशनवाली

काका, पाया पक्का घातलात. पुढचं मी लिहिते, माझं कामच इंजिन कॅलिब्रेशनचं आहे. आठवडाभर पुण्यात, शनिवार-रविवार ठाण्यात.

वाटसरू, आधी व्हॉल्व्ह कधी उघडतात ते बघू. पुस्तकात शिकवतात की पिस्टन खाली निघाला की इनटेक उघडतो आणि तळाला पोचला की मिटतो. खऱ्या इंजिनात असं होत नाही. पिस्टन वर पोचायच्या आधीच इनटेक किंचित उघडायला लागतो. तळ गाठून पिस्टन परत वर निघाला तरी तो उघडाच असतो. तळापासून क्रँक ४०-६० अंश पुढे फिरल्यावर तो मिटतो, हे साध्या गाड्यांतही चालतं. एक्झॉस्टचंही तसंच, वेळेआधी उघडतो आणि वेळेनंतर मिटतो. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाशी असताना थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. निम्मी भानगड इथेच आहे.

उशिरा का मिटायचं? हवेला वजन असतं म्हणून. हुराकान ८२५० आरपीएमला असते तेव्हा क्रँकचा एक फेरा ७ मिलिसेकंदांच्या थोडा वर जातो, म्हणजे हवा आत ओढायच्या स्ट्रोकला जेमतेम साडेतीन मिलिसेकंद मिळतात. तेच काम ७५० च्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ४० मिलिसेकंदांत आरामात होतं. वरच्या आरपीएमला मॅनिफोल्डच्या नळीतला हवेचा लोंढा इतक्या वेगात असतो की पिस्टनने दिशा बदलली तरी तो थांबत नाही, आत कोंबला जातच राहतो. तेव्हा व्हॉल्व्ह वेळेवर मिटला तर आयती मिळणारी हवा बाहेर राहते. खालच्या आरपीएमला असा लोंढाच नसतो. मग उशीर केला की वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. टॉर्क तिथेच सांडतो.

ओव्हरलॅपची गोष्ट याला समांतर आहे. वर, सुसाट बाहेर पडणारा धूर आपल्या मागे ताजी हवा ओढून घेतो आणि सिलिंडर धुऊन निघतो. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम. तेव्हा दोन्ही दारं उघडी राहिली तर जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो. ताज्या मिश्रणात राख कालवल्यासारखं होतं, जाळ नीट लागत नाही, इंजिन थडथडतं. शर्यतीच्या जुन्या गाड्या उभ्या उभ्या जी धडधड करतात आणि ज्यावर आपण फिदा होतो, ती याचीच.

म्हणजे काकांच्या टॅक्सीला इनटेक लवकर मिटणारा आणि ओव्हरलॅप कमी असलेला कॅम हवा. शर्यतीला बरोब्बर उलटा.

दादर_फास्ट

म्हणजे एसी लोकलच्या दारासारखं ना? संध्याकाळी दादरला माणसं रेट्याने आत शिरत असतात, तेव्हा दार दोन सेकंद उशिरा लागलं की आणखी धा जण मावतात. दुपारी रेटाच नसतो, उघडं ठेवून फायदा शून्य.

कॅलिब्रेशनवाली

रेट्यापर्यंत चपखल. फक्त दुपारच्या लोकलमध्ये आत बसलेल्यांना कोणी बाहेर ढकलत नाही. इथे पिस्टन ढकलतो. म्हणून उशिरा मिटणं खालच्या आरपीएमला नुसतं बिनफायद्याचं नाही, तोट्याचं आहे.

आर१५_घाटकोपर

ताई भारी लिहिताय. पण हलतं काय ते अजून आलं नाही.

कॅलिब्रेशनवाली

येतंय रे बाबा, चहा घेऊ दे.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, मध्ये चेन किंवा बेल्ट. पूर्वी कॅमच्या टोकाचं चाक कॅमला घट्ट जोडलेलं असायचं. व्हीव्हीटीमध्ये त्या जागी फेजर नावाचा जाडसर डबा असतो. डब्याचं बाहेरचं कवच चेनवर फिरतं. आत पाकळ्या असलेला एक रोटर असतो, तो कॅमला बोल्टने पक्का. कवच आणि पाकळ्या यांच्यामध्ये छोटे कप्पे. प्रत्येक पाकळीच्या एका बाजूच्या कप्प्यात इंजिन ऑइल दाबाने सोडलं की रोटर, आणि त्याच्याबरोबर कॅम, कवचाच्या तुलनेत थोडा पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. दोन्ही बाजू कोंडल्या की आहे तिथे स्थिर. हे सगळं फिरत असताना चालतं.

तेल कुठल्या बाजूला जायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो, म्हणजे सोलेनॉइडवर सरकणारी एक बारीक दांडी. त्याला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करत असतो. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांची तुलना करून कॅम खरोखर किती अंशांवर आहे ते ईसीयूला कळतं. ईसीयूच्या नकाशात लिहिलेलं असतं की इतक्या आरपीएमला, इतक्या लोडला कॅम इथे हवा. तो नकाशा भरणं हे माझं काम. एकूण पल्ला क्रँकच्या हिशोबाने साधारण ४० ते ६० अंश.

इनटेकचा ढोबळ प्रवास असा. आयडलला कॅम पूर्ण मागे, ओव्हरलॅप कमीत कमी, इंजिन शांत. हलक्या पायाने चालवताना पुढे. तेव्हा थोडा जळलेला वायू मुद्दाम आत राहू देतात, त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात जाणारी शक्ती वाचते. पूर्ण पाय दाबला आणि आरपीएम मध्यावर असेल तर पुढेच, म्हणजे इनटेक लवकर मिटतो आणि टॉर्क मिळतो. आरपीएम चढत गेलं की पुन्हा हळूहळू मागे, त्या लोंढ्याला आत यायला वेळ द्यायला.

इंजिन सुरू करताना तेलाला दाब नसतो, म्हणून एक पिन रोटरला ठरलेल्या जागी अडकवून ठेवते. दाब आला की पिन मागे सरते. एक्झॉस्टच्या फेजरमध्ये बहुधा एक स्प्रिंगही असते, कारण घर्षण कॅमला कायम मागे खेचत असतं आणि एक्झॉस्टची सुरुवातीची जागा पुढे असते.

एक लक्षात ठेवा. फेजर कॅमला फक्त अलीकडे-पलीकडे करतो. उघडणं लवकर केलं की मिटणंही तितकंच लवकर होतं. व्हॉल्व्ह किती उंच उघडेल आणि किती अंश उघडा राहील हे कॅमच्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. ते फेजरला बदलता येत नाही.

आर१५_घाटकोपर

मग माझ्या यामाहा आर१५ बाइकचं व्हीव्हीए (व्हेरिएबल व्हॉल्व्ह ॲक्च्युएशन)? ७४०० ला ते लागतं आणि आवाजच बदलतो. घाटकोपर-मानखुर्द रोडवर कुठे मिळतंय म्हणा ७४००...

कॅलिब्रेशनवाली

ते वेगळ्या घराण्यातलं. तुझ्या इंजिनात इनटेकसाठी दोन उंचवटे आहेत, एक खालच्या आरपीएमचा आणि एक वरचा. ७४०० ला सोलेनॉइड एक पिन सरकवतो आणि रॉकर मोठ्या उंचवट्यावर चालायला लागतो. म्हणजे कॅम पुढेमागे होत नाही, थेट दुसराच कॅम लागतो. उंची आणि कालावधी दोन्ही बदलतात.

व्हीटेक_भक्त

अखेर होंडाच्या व्हीटेकचा, म्हणजे याच उंचवटे बदलण्याचा, विषय निघाला! १९८९, होंडा इंटेग्रा, बी१६ए. १५९५ सीसी, टर्बो नाही, १६० पीएस ७६०० आरपीएमला. लिटरमागे १००! तीन रॉकर शेजारी शेजारी, तेलाच्या दाबाने पिन सरकली की मधल्या मोठ्या उंचवट्याला तिघं जखडले. आणि पुढे १९९९ चा एस२०००: १९९७ सीसी, जपानी आवृत्तीत २५० पीएस ८३०० ला, सुई ९००० पर्यंत. आणि त्या एस२००० ला फेजर नव्हता, बरं का. नुसती उंचवट्यांची अदलाबदल. म्हणून फेजर-बिजर ठीक, पण खरी मजा इथे आहे. सहा हजारच्या आसपास ती जी लाथ बसते!

कॅलिब्रेशनवाली

लाथेबद्दल माझं मत ऐकून भक्तमंडळी मला बाहेर काढतील. लाथ बसते म्हणजे त्याच्या आधी टॉर्कमध्ये खड्डा आहे. मोठा उंचवटा थोडा आधी लावला असता तर खड्डा भरला असता, लाथही गेली असती. आमच्या कामात ती जागा चालकाला कळू नये हेच उत्तम मानतात. रविवारी मलाही लाथ आवडते, ते सोडा.

होंडाने स्वतःच नंतर दोन्ही एकत्र केलं. २००१ च्या सिव्हिक टाइप-आर मधल्या के२०ए ला उंचवट्यांची अदलाबदलही आहे आणि इनटेकवर फेजरही. आणि आपल्याकडे २००६ मध्ये आलेल्या १.८ सिव्हिकमध्ये आय-व्हीटेकचा उपयोग चक्क उलटा होता. हलक्या लोडला ते इनटेक मुद्दाम उशिरा मिटवायचं. थोडी हवा परत जाऊ द्यायची, म्हणजे थ्रॉटल जास्त उघडा ठेवता येतो आणि पेट्रोल वाचतं. वर मी ज्याला तोटा म्हटलं तोच इथे फायदा. आजच्या हायब्रिड सिटीचं ॲटकिन्सन सायकल याच वाटेने पुढे गेलेलं आहे. ज्यांनी ती सिव्हिक 'व्हीटेकची लाथ' शोधत चालवली त्यांची निराशा झाली असणार.

व्हीटेक_भक्त

बाहेर काढत नाही, पण दुःख झालं.

जुना_फोरमन

फेजर पहिल्यांदा कोणी बसवला? होंडाच का?

कॅलिब्रेशनवाली

नाही काका, इटालियन. १९८० मध्ये अल्फा रोमियोने अमेरिकेसाठीच्या स्पायडर २००० ला बसवला. आणि कारण शर्यत नव्हे, धूर होतं. जोरकस कॅम ठेवून आयडलचा ओव्हरलॅप कमी करायचा होता. मग १९९२ ला बीएमडब्ल्यूचं व्हॅनोस आलं, त्यात तिरप्या दातांचा एक पिस्टन आत-बाहेर सरकून कॅमला पिळायचा. त्याच वर्षी पोर्शे ९६८ मध्ये व्हॅरिओकॅम: इनटेक आणि एक्झॉस्ट कॅमना जोडणाऱ्या चेनचा टेन्शनर वर-खाली करून कॅम सरकवायचा. पाकळ्यांचा डबा सुटसुटीत आणि स्वस्त, म्हणून शेवटी तोच घराघरांत पोचला.

सगळंच_मार्केटिंग

इतिहास झाला, भूगोल झाला. मूळ प्रश्नाचं गणित कुठाय? दोन्हींत तोच डबा, मग ७५ आणि ११७?

कॅलिब्रेशनवाली

पहिल्यांदा कामाचं बोललात. घ्या गणित.

स्विफ्टचं ड्युअलजेट: ११९७ सीसी, ११३ न्यूटन-मीटर ४४०० ला, ९० पीएस ६००० ला. हुराकान: ५२०४ सीसी, ५६० न्यूटन-मीटर ६५०० ला, ६१० पीएस ८२५० ला.

आधी टॉर्क लिटरमागे काढा. स्विफ्ट सुमारे ९४, हुराकान सुमारे १०८. बस्स! इतक्या महागड्या इंजिनाचा प्रत्येक लिटर घरच्या स्विफ्टपेक्षा फक्त १४-१५ टक्के जास्त जोराने ढकलतो. एकदा सिलिंडर हवेने पूर्ण भरला की टर्बोशिवाय आणखी भरणार कुठून? बाहेरचा वातावरणाचा दाब वरळीला आणि इटलीला सारखाच.

आता कमाल ताकदीच्या आरपीएमला किती टॉर्क उरतो बघा. किलोवॅटला ९५४९ ने गुणून आरपीएमने भागायचं. स्विफ्टचा ६००० ला उरतो १०५ च्या आसपास, हुराकानचा ८२५० ला ५१९ च्या आसपास. आपापल्या शिखराच्या ९३ टक्के, दोघींचाही! म्हणजे दोन्ही इंजिनं वर पोचताना सारखीच दमतात. फक्त एक दमते ६००० ला आणि दुसरी ८२५० ला. ८२५० भागिले ६००० म्हणजे १.३७५. त्याला टॉर्कमधला १.१४ चा फरक लावा, १.५७ येतात. ११७ भागिले ७५ करून बघा.

वाटसरू, लिटरमागचा तुमचा फरक मुख्यतः आरपीएमचा आहे. आणि ८२५० ला सिलिंडर भरणं हे व्हीव्हीटीने होत नाही. ते होतं उंच आणि लांब उंचवट्याच्या कॅमने, मोठ्या व्हॉल्व्हनी, हेडमधल्या रुंद सरळ वाटांनी, आणि ते सगळं तुटू न देणाऱ्या हलक्या भागांनी नि कडक स्प्रिंगांनी. त्या वेगाला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ ६९ वेळा उघड-मीट करतो. साधी स्प्रिंग तिथे व्हॉल्व्हला उंचवट्याच्या मागे धावायला लावूच शकत नाही, तो तरंगायला लागतो.

मग व्हीव्हीटी काय करतं? असा उग्र कॅम गाडीत ठेवणं परवडण्याजोगं करतं. त्याशिवाय हीच हुराकान माहीमच्या ट्रॅफिकमध्ये थडथडत, धूर सोडत, दर दोन मिनिटांनी बंद पडली असती आणि धुराच्या चाचणीत नापास झाली असती. शिखराची उंची हेड आणि कॅमवर ठरते, व्हीव्हीटी पायथा भरून काढतं. स्विफ्टमध्येही ते तेच करतं, फक्त तिथे शिखर आधीच बेताचं ठेवलेलं आहे, कारण गिऱ्हाईकाला ॲव्हरेज हवंय. आणि बरोबरच आहे त्याचं.

वरळीचा_वाटसरू

ताई, हात जोडले. म्हणजे ९३ टक्के दोघींचाही, हे आज रात्री बायकोला ऐकवणार. ती गाडी माझ्यापेक्षा जास्त चालवते.

नवीपनवेल_पाऊस

वाचनखूण साठवली. एक शंका: टर्बो गाड्यांत याचं काही काम उरतं का? तिथे हवा कोंबलेलीच असते.

कॅलिब्रेशनवाली

उरतं, आणि खेळ फार मजेदार होतो. खालच्या आरपीएमला पूर्ण पाय दाबला की काही क्षणांत इनटेकचा दाब एक्झॉस्टच्या दाबापेक्षा वर जातो. तेव्हा आयडलला टाळतो तोच ओव्हरलॅप मुद्दाम मोठा करायचा. ताजी हवा एका बाजूने शिरून उरलेला जळका वायू ढकलत सरळ टर्बाइनकडे निघते. सिलिंडर स्वच्छ, टर्बोला जास्त प्रवाह, आणि लॅग (पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर) कमी. अट एकच: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटल्यावर फवारलं पाहिजे. मॅनिफोल्डमध्ये फवारलं तर तेही हवेबरोबर सायलेन्सरमधून निघून जाईल.

एफवन_रात्री_जागणारा

मग एफ१ मध्ये तर याहून भन्नाट काहीतरी असेल?

कॅलिब्रेशनवाली

नाही. नियमानेच बंदी आहे, टायमिंग बदलण्यावरही आणि लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, बदलण्यावरही. फारसं अडतही नाही त्यांचं. आठ गिअर, इंजिन कायम वरच्या अरुंद पट्ट्यात फिरवायचं, आयडलला सिग्नलला कोण उभं राहतंय?

चेंबूर_गॅरेज

ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. कारण या डब्याची तक्रार शेवटी आमच्याकडेच येते.

मुंबईत गाडीचे किलोमीटर कमी आणि इंजिनचे तास जास्त. जेव्हीएलआरला अर्धा तास रांगेत उभं, ओडोमीटर हललेलाच नाही, पण तेल तापतंय, जळतंय. मालक म्हणतो 'अजून दहा हजार झाले नाहीत, ऑइल कशाला बदलू?' त्या तेलाचा होतो गाळ. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हला बारीक जाळी असते, ती चोंदते, नाहीतर आतली दांडी चिकटते. मग कॅम जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही. चेकलाइट लागते, स्कॅनरवर पी००११ नाहीतर पी००१२. पहिला म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे अडकला, दुसरा म्हणजे मागे. गिऱ्हाईकाची भाषा वेगळी: 'पिकअप गेला', 'आयडलला थरथरते', 'ॲव्हरेज पडलं'. तिन्हींचं मूळ एकच असू शकतं.

असा कोड आला की लगेच फेजर बदलायला सांगणाऱ्यापासून सावध. अलीकडेच एक गाडी आली होती. कुठूनतरी फेजर आणि चेनचं मोठं इस्टिमेट घेऊन मालक घाबरलेला. डिपस्टिक काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! तेल भरलं, फिल्टर बदलला, व्हॉल्व्ह काढून साफ केला, गाडी गेली.

माझा क्रम असा. आधी तेलाची पातळी आणि रंग. मग स्कॅनरवर मागितलेला अंश आणि खरा अंश शेजारी लावून गाडी चालवून बघायची. खरा आकडा मागितलेल्याच्या मागे रेंगाळत असेल तर व्हॉल्व्ह नाहीतर दाब. दोन्ही कॅमचे व्हॉल्व्ह एकाच नंबरचे असतील तर त्यांची अदलाबदल करायची. दोष त्यांच्याबरोबर सरकला तर व्हॉल्व्हच चोर. पी००१६ आला, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळच नाही, तर मात्र चेनकडे बघावं लागतं, ताणलेली असू शकते. आणि सकाळी सुरू करताना पहिली दोन सेकंदं कडकड वाजून बंद होत असेल तर ताईंनी सांगितलेली ती पिन नीट अडकत नाही किंवा चेनचा टेन्शनर ढिला पडतोय.

सगळंच_मार्केटिंग

मी आमच्या गाडीत जाड तेल टाकतो. पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय, पण मुंबईच्या उकाड्यात पाण्यासारखं तेल काय टिकणार?

चेंबूर_गॅरेज

साहेब, हे बंद करा. त्या डब्याच्या वाटा, जाळ्या, दांडीच्या फटी, सगळं पुस्तकातल्या तेलाच्या हिशोबाने कोरलंय. जाड तेलाने डबा हळू हलतो, खास करून सकाळी थंड इंजिनला. कंपनीने पर्यायी ग्रेड दिली असेल तर ती चालेल, आपल्या मनाची नको. जाडीपेक्षा वेळेवर बदलणं महत्त्वाचं.

सगळंच_मार्केटिंग

बघतो. पटलं असं म्हणत नाही.

नवीपनवेल_पाऊस

तेलाचीच एवढी कटकट असेल तर हे इलेक्ट्रिक का करत नाहीत?

कॅलिब्रेशनवाली

केलंय की. २००६ मध्ये लेक्सस एलएस ४६० च्या इनटेक कॅमवर टोयोटाने विजेची मोटर बसवली, एक्झॉस्ट तेलावरच ठेवला. मोटर कॅमच्याच वेगाने फिरत असते. थोडी वेगात फिरवली की कॅम पुढे, हळू केली की मागे, बरोबरीने फिरली की जागेवर. मोठा फायदा म्हणजे तेल थंड आणि दाब नसतानाही, अगदी इंजिन सुरू होत असतानासुद्धा, कॅम हव्या त्या जागी नेता येतो. दिवसातून पन्नास वेळा बंद-सुरू होणाऱ्या हायब्रिडला हे सोयीचं.

ह्युंदाईने २०१९ मध्ये याच्याही पुढे जाऊन व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील तेच बदलणारं सीव्हीव्हीडी आणलं. आणि कोनिगसेगचं फ्रीव्हॉल्व्ह तर कॅमशाफ्टच काढून टाकतं, प्रत्येक व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने स्वतंत्र उघडतो.

नवीपनवेल_पाऊस

म्हणजे इलेक्ट्रिक फेजरवाल्या गाडीत तेल उशिरा बदललं तर चालेल?

चेंबूर_गॅरेज

नाही! चेनचा टेन्शनर तेलावर, कॅमची बेअरिंगं तेलावर, टर्बो असेल तर तोही तेलावर. फक्त पी००११ ऐवजी दुसरा कुठलातरी कोड घेऊन याल.